आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात करताय? एवढंच आधी करा

सर, टेन्शन घेऊ नका, लॅबमध्ये चारच पीसी चालू असले तरी मस्त शिकवता येतं. पहिले दोन आठवडे तर मशीनला हातच लावू नका. १ ते १०० मधला एक आकडा मनात धरा आणि पोरांना ओळखायला सांगा, तुम्ही फक्त मोठा का लहान एवढंच सांगायचं. दरवेळी मधला आकडा विचारला की जास्तीत जास्त ७ अंदाजात सापडतोच, आणि हे पोरांनी स्वतः शोधलं की बायनरी सर्च (दरवेळी अर्धे आकडे बाद करत शोधायची पद्धत) शिकवून झालंच समजा. असले खेळ न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीच्या सीएस अनप्लग्ड या वेबसाइटवर फुकट मिळतात.

मग स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, ते ऑफलाइन पण चालतं. पायथॉन, म्हणजे कोड टाइप करून लिहायची भाषा, नववीला, आणि उदाहरणं घरातली घ्या. आपल्याकडं ऊसबिल सगळ्यांना कळतं: टन विचारा, दर विचारा, गुणाकार करा. इथं एरर येणारच, कारण इनपुटमधून आलेला आकडा पायथॉन मजकूर समजतो. लगेच दुरुस्त करून देऊ नका, एररची शेवटची ओळ त्यांनाच मोठ्यानं वाचू दे.

नवीन शिक्षकांच्या नेहमीच्या चुका म्हणजे:
- कॉम्प्युटरच्या पिढ्या पाठ करून घेत बसणं
- फळ्यावरचा कोड नुसता उतरवून घेणं
- एकाच पोराकडं कीबोर्ड राहू देणं. दर दहा मिनिटांनी बदला, नाहीतर मुली मागंच राहतात, हे खरंच मनावर घ्या.

स्वतःच्या तयारीला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओ धडे, बघा, मराठीतून पण आहेत. डेटाबेस, एआय वगैरे पुढच्या वर्षी बघू.