सरफेस गेजची रेघ अर्धा मिलीमीटर खाली का येते?

काका म्हणून विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझी अडचण थोडक्यात अशी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात लागून तुला सहा महिने झाले. पंपाच्या बॉडीवर सरफेस गेजनं मध्यरेघ मारतोस आणि नंतर तपासलं की ती कधी ०.३, कधी ०.५ मिलीमीटर खाली निघते. सोबतचे म्हणतात, हे जुनाट डबडं टाकून दे आणि डिजिटल हाईट गेज घे.

हाईट गेज जरूर घे, पैसे जमतील तेव्हा. पण तुझी आत्ताची चूक त्यानं सुटेल असं मला वाटत नाही. सरफेस गेज म्हणजे जड बेसवर उभा दांडा, म्हणजे स्पिंडल, आणि त्यावर स्नग नावाच्या पकडीनं आवळलेली टोकदार सळई, म्हणजे स्क्रायबर. त्यावर एकही आकडा कोरलेला नसतो. आकडा तू पट्टीवरून उचलतोस, गेज ती उंची जॉबपर्यंत, म्हणजे कामाच्या तुकड्यापर्यंत, नेऊन पोचवतो. म्हणजे घोटाळा उचलताना तरी होतो, नाही तर वाटेत तरी.

आधी उचलण्याचं बघ. पट्टी हातात धरून सरफेस प्लेटवर, म्हणजे मार्किंगच्या सपाट पाटावर, उभी करत असशील तर कारण तिथंच आहे. पट्टी ५ अंशांनी मागे कलली तर डोळ्याला कळतही नाही, पण १०० ची रेघ प्लेटपासून प्रत्यक्षात ९९.६ वरच असते. तुझी रेघ नेहमी खालीच का येते आणि रोज फरक वेगळा का, दोन्हींचं उत्तर यात आहे. पट्टी अँगल प्लेटला, म्हणजे काटकोनी आधाराला, टेकवून छोट्या क्लॅम्पनं आवळ, हात लावू नकोस. दुसरं म्हणजे पट्टीचं शून्याकडचं टोक. आमच्याकडं बऱ्याच पट्ट्यांचं ते टोक कापलेल्या कडेची बर काढायला आणि रंग खरवडायला वापरून गोल झालेलं असतं. माहितीच्या मापाचा ठोकळा, शक्यतो स्लिप गेज, शेजारी ठेवून पट्टी एकदा पडताळ.

स्क्रायबरचं टोक पट्टीवर नेताना नुसत्या नजरेवर राहू नकोस. चांगल्या पट्टीच्या रेघा खोदलेल्या असतात. मागचा फाइन ॲडजस्टिंग स्क्रू हळूहळू फिरवत आणि गेज अगदी केसभर मागेपुढे करत टोक पट्टीवरून जाऊ दे. रेघेत टोक पडलं की बोटाला बारीकसा अडखळा जाणवतो. तो जाणवेपर्यंत थांब. माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, पण तो अडखळा अजूनही चुकत नाही.

आता वाटेतलं. स्क्रायबर जितका आडवा आणि जितका कमी बाहेर, तितका बरा. उंची स्पिंडलवर घ्यायची, स्क्रायबर तिरपा करून नाही. लांब काढलेला तिरपा स्क्रायबर रेघ मारताना दबतो आणि सोडला की परत येतो. गेज स्पिंडलला धरून ढकलू नकोस, बेसवर हात ठेवून सरकव. टोक ओढलं गेलं पाहिजे, जॉबमध्ये घुसलं नाही पाहिजे. आणि रेघ एकदाच. गिरवलेल्या रेघेवर डॉट पंच नेमका कुठं ठेवायचा हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कारखान्यात चौदा ब्रॅकेट एका सेटिंगवर मार्क केले. स्नगचा नट झिजलेला होता आणि तो मी पाहिलाच नव्हता. प्रत्येक जॉबला टोक किंचित खाली घसरत गेलं. शेवटच्या पाच ब्रॅकेटची भोकं जवळजवळ एक मिलीमीटर खाली पडली आणि पाचही भंगारात गेले. त्या दिवसापासून माझी सवय अशी: उंची लावली की पहिली रेघ प्लेटवर ठेवलेल्या एका साध्या ठोकळ्यावर मारायची. दर तीनचार जॉबनंतर टोक त्याच रेघेला लावून बघायचं, शेवटच्या जॉबनंतरही. टोक रेघेत बसलं नाही तर मधले जॉब ड्रिलला जाण्याआधीच हातात असतात.

हे झालं आकडा लागतो त्या कामांचं. या गेजवर माझा जीव आहे तो आकडा लागतच नाही त्या कामांसाठी. दोन समोरासमोरच्या बाजू मशीन केलेला, समांतर जॉब घे. उंची डोळ्यानं अंदाजे मध्यावर ठेव आणि एक बारीक रेघ मार. गेजला हात न लावता जॉब उलटा कर आणि दुसरी मार. दोन रेघांच्या मधोमध खरा मध्य. टोक त्या फटीच्या मध्यावर आणून पुन्हा दोन्हीकडून मार, रेघा एकावर एक बसल्या की झालं. पट्टी नाही, वजाबाकी नाही, भागाकार नाही. गोल बार असेल तर व्ही ब्लॉकमध्ये, म्हणजे V खाचेच्या ठोकळ्यात, ठेवून टोकाच्या तोंडावर रेघ मार, अर्धा फेरा फिरव, दुसरी मार. मग पाव फेऱ्यावर तसंच कर. चार रेघांचा इवलासा चौकोन तयार होतो आणि सेंटर त्याच्या पोटात असतं.

तुझ्या पंप बॉडीला मात्र ही युक्ती चालणार नाही, कारण कच्च्या कास्टिंगच्या बाजू समांतर नसतात. तिथं काम वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर तेच अवघड. बॉडी प्लेटवर सरळ ठेवू नकोस, तीन स्क्रू जॅकवर ठेव. चार नाही, तीनच. तीन बिंदूंवर वस्तू डगमगत नाही आणि प्रत्येक जॅक वेगळा खालीवर करता येतो. कोअरनं, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यानं, आलेल्या भोकात लाकडाची पट्टी ठोकून बसव आणि तिच्यावर मध्ये पत्र्याचा तुकडा खिळ्यानं मार, म्हणजे सेंटरला पंच मारायला जागा मिळते. वाकड्या टोकाचा स्क्रायबर भोकाच्या वरच्या कडेला लाव, मग खालच्या. दोन्ही उंच्यांचा मध्य काढ. दुसऱ्या तोंडाला तेच कर. दोन्हीकडचा मध्य एका उंचीवर येईपर्यंत जॅक हलवायचे.

इतक्यावर रेघ मारायची घाई करू नकोस. आता त्याच गेजनं फ्लँज (जोडणीची कड), पाया, बॉस (उठावाचा गोल भाग) सगळीकडं टोक फिरवून बघ की मशीनिंगला कुठं किती माल उरतो. समज, भोकाच्या मध्यावरून रेघ धरली तर पायाला जेमतेम १ मिलीमीटर उरतो आणि वरच्या फ्लँजला ६. मग रेघ थोडी वर न्यायची, म्हणजे पायाला माल मिळेल. भोक एका बाजूनं जास्त कापलं जाईल, पण पूर्ण साफ निघेल. हा हिशेब डिजिटल हाईट गेज आपणहून करत नाही. तो मार्किंग करणाऱ्यानं प्लेटपाशी उभं राहून करायचा असतो. पहिली रेघ ठरली की बॉडी ९० अंशात वळव, ती रेघ गुण्याला लावून उभी कर आणि दुसरी आडवी मार. शिवाय कास्टिंगच्या खरखरीत, वाळू चिकटलेल्या पृष्ठभागावर हाईट गेजचं कार्बाइडचं टोक घासलं तर ते उडतं. स्क्रायबरचं टोक तेलाच्या दगडावर दोन मिनिटांत परत लागतं. ग्राइंडरवर लावू नकोस, टोक निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला.

रंगाचं एक सांगतो. कास्टिंगला खडू किंवा चुना पुरतो. मोरचुदाचं पाणी फक्त साफ केलेल्या लोखंडी पृष्ठभागावर धरतं, आणि ते प्लेटवर सांडलं तर प्लेट खराब होते.

स्क्रायबर काढून लिव्हर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं घड्याळ, लावलास की हाच गेज चांगला कम्पॅरेटर, म्हणजे मापांची तुलना करणारं साधन, होतो. स्लिप गेजवर डायल शून्य कर, मग जॉबवर ने. फक्त डायलचं बोट जॉबशी जवळजवळ समांतर ठेव. ते ३० अंश तिरपं असेल तर डायल खऱ्या फरकापेक्षा साधारण १५ टक्के जास्त दाखवतो. आणि आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात उन्हातून आणलेला जॉब लगेच मोजू नकोस. ३०० मिलीमीटरचं बिडाचं कास्टिंग १० अंशांनी तापलं की सुमारे ०.०३ मिलीमीटर वाढतं. रेघ मारायला ते कुणी बघत नाही, पण डायलवर स्पष्ट दिसतं.

माझे वडील कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था तोवर विद्यापीठात गेली होती. प्लेट कापडानं पुसून झाली की ते शेवटचा हात उघड्या तळव्यानं फिरवायचे. कापडाला न सापडलेला कण तळव्याला सापडतो. तूही तसंच कर, आणि गेजचा बेसही तळव्यानंच पूस.

तुझा गेज जुना आहे म्हणतोस, तर बेसला प्लेटवर निळा रंग लावून बघ, चारही कोपरे टेकतात का. बेसमधल्या पिना दाबल्यावर खाली येऊन घट्ट राहिल्या पाहिजेत, कारण प्लेटच्या कडेला किंवा टी-स्लॉटला धरून समांतर रेघ मारायची तर त्यांच्याच आधारानं. स्नगचा नट आवळून स्क्रायबर बोटानं ढकल. हलला तर नट आधी बदल, मग पुढचं. पावसाळ्यात सुट्टीच्या आदल्या दिवशी प्लेटला आणि बेसला तेलाचा हात मार. काम संपलं की स्क्रायबर उभा करून टोक खाली वळव, शेजारून जाणाऱ्याच्या हातात घुसायला नको.