ब्रूस लीचं खरं किती, खोटं किती?

काल क्लास सुटल्यावर तू मोबाईलवर दाखवलास ना, ब्रूस ली नानचाकूनं, म्हणजे साखळीनं जोडलेल्या दोन दांड्यांनी, टेबल टेनिस खेळतोय? अरे, ती २००८ सालची मोबाईलची जाहिरात आहे. ब्रूस ली १९७३ मध्येच गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. तुझ्यासारखी निम्मी परभणी फसली असेल, वाईट वाटून घेऊ नको.

पण म्हणून तो नुसता पडद्यावरचा हिरो होता, असंही नाही. हाँगकाँगला इप मान या गुरूंकडं विंग चुन ही चिनी कुंग फूची शैली शिकलेला गडी. १९५८ मध्ये तिथली शालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकला. १९६४ मध्ये अमेरिकेत लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्यानं एक इंचावरून ठोसा मारून माणूस मागं खुर्चीत पाडला. त्यात जादू नाही बाबा! जोर पायातून निघतो, कमरेतून फिरतो आन् मनगटात येतो. समोरचा ताठ उभा असला तर जातोच मागं. म्हणून तर मी तुला रोज पायाच्या ठेवणीवरून बोलतो.

आता, त्यानं जगात कुणालाही हरवलं असतं का? व्यावसायिक लढतींचा त्याचा रेकॉर्डच नाही. १९६४ च्याच, वाँग जॅक मॅन या कुंग फूवाल्याबरोबरच्या बंद दाराआडच्या लढतीचं दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. वजनही साठ-पासष्ट किलोच्या आसपास. माळेगावच्या जत्रेत बघ, रेवड्यांच्या कुस्तीतलं पोरगं शेवटच्या कुस्तीच्या पैलवानावर सोडतात का कुणी? तसंच हे.

त्याचे व्हिडिओ बघच, पण वेगासाठी आन् तोलासाठी बघ. उद्या सहाला ये, नानचाकू घरीच ठेव.