'वरून आलंय' म्हणू नकोस

प्रिय,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. बारा जणांची टीम, त्यातल्या दोघांना तळाचं रेटिंग द्यायचंच, आणि तळाचं रेटिंग म्हणजे महिन्याभरात राजीनामा मागणार, हे सगळ्यांना ठाऊक. एचआरने तुला तयार मजकूरही धाडलाय. तू विचारतोस, मी सांगू की त्यांनाच सांगू दे? आणि मी सांगितलंच, तर 'वरून आलंय' म्हणू का?

तू चांगला माणूस आहेस वगैरे लिहीत बसत नाही. नसतास तर पावणेदोनला झोपला असतास.

तूच सांगायचं. समोर बसून. आणि 'वरून आलंय' हे तोंडातून निघता कामा नये. ते म्हणणारा साहेब स्वतःची मान सोडवून घेतो आणि समोरच्याला भांडायलाही कुणी शिल्लक ठेवत नाही. ज्याची नोकरी जाते त्याला निदान कुणावर तरी चिडता आलं पाहिजे. ते चिडणं अंगावर घेण्याचा पगार आपल्याला मिळतो, असं मी मानते.

असं मी नेहमीच मानत नव्हते. एका कंपनीत मी अकरा नावांच्या यादीवर सही केली होती. ठरलं होतं असं, की सकाळी आठला मेल जाणार, साडेआठला कार्डं बंद होणार, कुणाशी आधी बोलायचं नाही. मेल कुठेतरी अडकले. कार्डं मात्र वेळेवर बंद झाली. नऊच्या सुमारास काचेच्या दारापलीकडे एक जण उभा होता. नऊ वर्षं माझ्याबरोबर काम केलेला. मला अंदाजपत्रक वाचायला त्यानेच शिकवलं होतं. त्याने कार्ड लावलं, लाल दिवा. कार्ड शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं. मग आत बघितलं, मी दिसले, तर हसला. त्याला वाटलं, मी येऊन दार उघडेन. मी फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली. फोनवर पलीकडे कुणी नव्हतं.

आता ऐकून घे. वकिलांचा सल्ला तसाच होता. मी एकटीने ठरवलेलं नव्हतं. घरात मूल लहान होतं, आणि मी आडमुठेपणा केला असता तर बारावं नाव माझं लागलं असतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ते दार उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

समोर जाणं टाळायची साधनं आता फार सफाईदार झाली आहेत. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश कंपनीने जवळपास ८०० खलाशांना काढलं, तेव्हा अनेकांना ते कळलं आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. कायद्याने कामगार संघटनांशी आधी बोलणं बंधनकारक होतं, आणि आम्ही ते न करायचं ठरवलं, हे कंपनीच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे स्वतः सांगितलं. रेकॉर्ड केलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणूनच तो रेकॉर्ड केलेला असतो.

तुझ्याकडे आलेला तयार मजकूर हा त्याचाच धाकटा भाऊ. कायद्याची दोन वाक्यं लागतील तेवढी घे, बाकी टाकून दे.

पण त्या दोघांसमोर बसण्याआधी तुला दुसरीकडे बसायचंय, आणि ते तू मेसेजमध्ये सोयीस्कर विसरलास. तुझ्या साहेबांसमोर. मेल नाही, ग्रुपवर नाही. 'तळाचे दोन' हा नियम कुठून आला ते त्यांना विचार. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्श यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी वाटणी रूढ केली आणि जगभरच्या साहेबांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने तसली सक्तीची क्रमवारी २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मोडीत काढली, कारण उघड आहे: शेजारच्याला मदत केली की आपला नंबर खाली जाणार असेल, तर मदत कोण करेल? हुशार लोकही हुशारांच्या टीममध्ये जायला कचरतात. शिवाय ही वाटणी ज्यावर बेतली आहे, तो घंटेच्या आकाराचा आलेख, बहुतेक मध्ये, थोडे वर, थोडे तळाला, मोठ्या समूहाचा असतो. बारा जणांत तळाला दोन नालायक असलेच पाहिजेत, हे कुठल्याही गणितात बसत नाही. बाराही जणांनी वर्षभरात काय केलं ते एका कागदावर लिहून ने. आलेखावर वाद घालता येतो, त्या कागदावर घालताना त्यांना जड जाईल.

खर्चच कमी करायचा असेल तर दुसरे रस्ते असतात. २००९ च्या मंदीत बॅरी-वेमिलर या अमेरिकी कंपनीने माणसं काढण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सगळ्यांना चार आठवडे बिनपगारी रजा दिली. ज्यांना झेपत होतं त्यांनी दुसऱ्याच्या वाटचे आठवडेही घेतले. निन्टेन्डो या जपानी व्हिडिओगेम कंपनीच्या प्रमुखांनी २०१४ मध्ये विक्री घसरल्यावर पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. हे साहेबांना सांग. ते म्हणतील, आपली कंपनी वेगळी आहे. म्हणतातच. तरी सांग.

आणि हरलास तर? मग ठरव, सही करायची की नाही. राजीनामा दे असं मी म्हणणार नाही. मी दिला नव्हता. पण सही केलीस की ती तुझी. त्या दोघांना सांगायचं, 'या यादीवर माझी सही आहे.' मनातून पटलं नव्हतं, मी फार भांडलो, हे त्यांना ऐकवायचं नाही. ते ऐकून तुला बरं वाटेल, त्यांना नाही.

तू लिहिलंस, 'मला त्यांना दुखवायचं नाहीये.' अरे, दुखणार आहेच. तुला फक्त दुखवणारा म्हणून दिसायचं नाहीये. ती वेगळी गोष्ट झाली.

पहिल्याच वाक्यात सांगून टाक. हवापाणी नको, आधी कौतुक आणि मग 'पण' नको. 'आपण एक कुटुंब आहोत' तर चुकूनही म्हणू नकोस. कुटुंबात दरवर्षी तळाचे दोन निवडत नाहीत. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेव. मग गप्प बस. ती शांतता असह्य होते आणि आपण भरून काढायला जातो. भरू नकोस.

त्या दारानंतर मी सव्वीस जणांना समोर बसून सांगितलं. एकाने फाईल भिंतीवर आपटली. एक बाई पाऊण तास काहीच बोलल्या नाहीत, मीही बसून राहिले. आभार कुणी मानले नाहीत, आणि का मानावेत? माझ्या फाईलवर मात्र 'फार भावनिक' असा शेरा पडला आणि बढती दोनदा अडली. मला ती नकोच होती, असं मी बरीच वर्षं सांगत आले. हवी होती.

तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते. कार्ड पुसणाऱ्या त्या माणसाला मी चार वर्षांनी पत्र लिहिलं. लांबलचक. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, 'कधी इकडे आलात तर या.' पत्ता खाली लिहिला होता. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

अजून गेले नाही.

सोमवारी दोघांशी बोलून झालं की फोन कर. कितीही वाजले तरी चालेल.

तुझी,
मॅडम