'रनिंग मेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या निवडणुकीतल्या 'रनिंग मेट'ला कुणी 'सहउमेदवार' म्हणतं, कुणी 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार'. बरोबर काय? आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारासोबतच्या या दुसऱ्या माणसामुळे मतांत खरंच फरक पडतो का?

'सहउमेदवार' मला खटकतो. 'सहस्पर्धक' म्हणजे त्याच स्पर्धेत आपल्यासमोर उभा असलेला. त्या चालीने 2024 मध्ये ट्रम्प यांच्या 'सहउमेदवार' कमला हॅरिस ठरतील! 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार' अचूक आहे, पण त्यात दोघांचं नशीब एकत्र बांधलेलं आहे हे येत नाही. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या निवडणुकीत पॅनेल असलं तरी मतदार या पॅनेलमधले दोन, त्या पॅनेलमधले तीन असं मतदान करू शकतो. अमेरिकी मतदाराला इथे ती मुभा नाही. दोन नावं, मत एकच. म्हणून माझी पसंती 'जोडीदार' या शब्दाला. मूळ इंग्रजी शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. मुख्य घोड्याला वेग धरून द्यायला त्याच मालकाचा जो दुसरा घोडा उतरवत, तो रनिंग मेट.

आता मतांचं. जोडीदार आपलं राज्य मिळवून देतो, ही समजूत 1960 पासून पक्की झाली. केनेडींनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन घेतले आणि टेक्सस थोडक्यात जिंकलं. पण 1988 पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांनीही टेक्ससचेच सिनेटर लॉईड बेन्टसन निवडले. त्या राज्याच्या कायद्यामुळे बेन्टसन एकाच दिवशी दोन पदांसाठी उभे होते. टेक्ससने त्यांना सिनेटवर पुन्हा पाठवलं, आणि अध्यक्षपदासाठी मात्र रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या बुश यांना कौल दिला. बुश टेक्ससचेच, हे खरं. तरीही एवढा लोकप्रिय माणूस सोबत असून राज्य हातचं गेलंच. 2004 मधले जोडीदार एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलिना आणि 2012 मधले जोडीदार रायन यांचं विस्कॉन्सिनही त्यांच्या पक्षाला मिळालं नाही.

म्हणजे जोडीदारामुळे मतं फारशी हलत नाहीत, असं माझं मत. त्याचं खरं मोल निवडणुकीनंतर कळतं. 1944 मध्ये रूझवेल्ट यांच्यासोबत तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस यांच्याऐवजी ट्रूमन आले. उपाध्यक्ष होऊन 82 दिवस झाले आणि रूझवेल्ट गेले. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची पुरती माहिती ट्रूमन यांना मिळाली ती राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. आणि तो वापरण्याचा निर्णय त्यांच्याच काळात झाला.

बातमीत पहिल्यांदा 'उपाध्यक्षपदाचे उमेदवार' लिहावं, पुढे 'जोडीदार'. भारताच्या उपराष्ट्रपतींसाठी मात्र हा शब्द नको. त्यांची निवडणूक वेगळी, मतदारही वेगळे : तिथे फक्त खासदार मत देतात. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदाला उभे होते ते तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावतच.