लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टची हमी फी मी भरतोय, मग धंदा बुडाला तर कर्ज सरकार फेडेल का?

नाही. फी तुमच्या खात्यातून कापली जाते, पण संरक्षण बँकेला मिळतं. ऐकून चीड येईल, पण योजनाच तशी आहे.

मी बँकेत कर्ज विभागात होतो. "सरकारी हमी आहे ना साहेब, मग कशाला काळजी?" हे वाक्य तिथे नेहमीचंच.

केंद्र सरकार आणि सिडबीने (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) हा ट्रस्ट २००० साली काढला. घर-जमीन तारण देऊ न शकणाऱ्या लघुउद्योजकाला कर्ज द्यायला बँका कचरत होत्या. त्यांची भीती कमी करायची, एवढाच हेतू. तुमचा फायदा म्हणजे तारणाशिवाय, बाहेरचा जामीनदार न आणता कर्ज मिळालं. तो तुम्ही आधीच घेतलाय.

आता तुमचं वर्कशॉप बंद पडलं असं धरू. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग बँक साधारणपणे वसुलीचा दावा लावते आणि ट्रस्टकडे क्लेम करते. समजा थकबाकी १२ लाख आणि हमी ७५ टक्के, म्हणजे ९ लाख. त्यातलेही पावणेसात लाख आधी मिळतात, बाकीचे वसुलीची कारवाई संपल्यावर. यातला एक रुपयाही तुमच्या देण्यातून वजा होत नाही. १२ लाख आणि व्याज तुमच्याच नावावर राहतं, सिबिलवरही (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत) दिसतं. पुढे तुमच्याकडून जे वसूल होईल, त्यात ट्रस्टचाही वाटा. कर्जातून घेतलेली मशिनरी बँकेकडे नजरगहाण (ताबा तुमचा, तारण बँकेचं) असतेच. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची, फर्म असेल तर मालकाची जबाबदारी त्या मशिनरीपाशी थांबत नाही.

तुमच्या उपयोगाचं संरक्षण वेगळं आहे. मशिनरीचा आगीचा विमा: भरपाई बँकेकडे गेली तरी तुमचं कर्ज कमी होतं. कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स: तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांवर बोजा येत नाही. (बँक गळ्यात मारते तीच पॉलिसी घ्यायला हवी असं नाही; भाव बाहेरही विचारा.)

आणि हप्ता डगमगायला लागला की एनपीए व्हायची वाट पाहू नका. लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ची चौकट आहे, २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू. कर्जाच्या पुनर्रचनेसाठी (हप्ते-मुदत बदलून घेण्यासाठी) तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.