टॉम एवढा मार खातो, तरी आपल्याला हसू का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षांच्या मुलीबरोबर जुने ‘टॉम अँड जेरी’ बघताना तुम्हीही तिच्याइतकेच खो-खो हसता आणि मग मनात येतं, अरे, यात तर सतत कुणीतरी कुणाला तरी बडवतंय! मग हसू नक्की कशाचं येतं? आणि टॉमची फजिती होणार हे आधीच ठाऊक असताना कंटाळा का येत नाही?

मी बारा वर्षं अ‍ॅनिमेशनचं काम करतोय, आठवड्यातून दोन दिवस शिकवतोही. माझं उत्तर एवढंच आहे की हसू फटक्याचं येत नाही. फटक्याच्या आधी आणि नंतर जो वेळ मोजूनमापून ठेवलेला असतो, त्याचं येतं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा टॉम-जेरीत नाही, रोड रनरच्या मालिकेत आहे. चक जोन्सनं ती १९४९ साली वॉर्नर ब्रदर्ससाठी सुरू केली. भुकेला कायोटी (कोल्ह्यासारखा एक अमेरिकन प्राणी) रोड रनर नावाच्या त्या पळणाऱ्या पक्ष्यामागे लागतो आणि शेवटी स्वतःच कड्यावरून खाली जातो. आपण वरून बघत असतो. तो लहान लहान होत जातो, ठिपका होतो, दिसेनासा होतो. क्षणभर काहीच नाही. मग तळाशी धुळीचा एक एवढासा भपका. जोन्सनं हे गणित सांगून ठेवलंय: दिसेनासा व्हायला १८ फ्रेम्स आणि त्यानंतर १४ फ्रेम्सनी आपटणं. तेराव्या फ्रेमला आपटवलं तर हसू येत नाही, पंधराव्याला आपटवलं तरी येत नाही. फ्रेम म्हणजे चित्रफितीतलं एकेक चित्र; सेकंदाला २४ फ्रेम्स असतात, म्हणजे १४ फ्रेम्स हा अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ झाला.

हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं. मी मुलांना फळीवरून पडणारी पिठाची पिशवी काढायला देतो. पिशवी चौकटीबाहेर गेली की धप्प आवाज कधी टाकायचा, ते त्यांनी ठरवायचं. लगेच टाकला तर वर्ग नुसता बघत राहतो. खूप उशिरा टाकला तर सगळे पुढच्या विचाराला लागलेले असतात. मधे कुठेतरी एक जागा सापडते आणि तिथे आवाज पडला की मागच्या बाकावरचाही फिस्सकन हसतो. पिशवी तीच, आवाजही तोच. फक्त तीन-चार फ्रेम्स सरकलेल्या असतात. तबल्याच्या साथीत सम कुठे पडणार हे कान आधीच धरून बसलेले असतात, तसंच आहे हे. माहीत असतं म्हणूनच तर मजा येते. टॉम हरणार हे ठाऊक असूनही कंटाळा का येत नाही, याचं अर्धं उत्तर मला इथेच मिळतं.

आता टॉम-जेरीकडे येऊ. एमजीएमच्या स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट केले. गमती सुचणं आणि त्या भराभर चितारणं हा बार्बेराचा हात. कुठली हालचाल किती फ्रेम्सची, हे बसवणं हॅनाचं. त्याला संगीताची चांगली जाण होती. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत बोटाच्या हालचालीलासुद्धा चिकटून चालतं. सात मिनिटांचा लघुपट म्हणजे दहा हजार फ्रेम्स, आणि पात्रं जवळजवळ बोलतच नाहीत. सगळा भार हालचाल आणि आवाज यांवर.

टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनाची आहे. ती ध्वनिमुद्रित करून तिची सुरुवात आणि शेवट कापून टाकला जायचा आणि फक्त मधला, सगळ्यात जोरकस तुकडा ठेवला जायचा. माणसाच्या खऱ्या ओरडण्यात दुखणं कळतं ते आवाज चढताना आणि मग कण्हत विरताना. तेवढाच भाग इथे नाही. चित्रांचंही तसंच. तव्याचा फटका बसला की टॉमचं तोंड तव्याच्या आकाराचं होतं आणि पुढच्याच दृश्यात पूर्ववत. जखम नाही, लंगडणं नाही. फटका दिसतो, पण त्याचं दुखणं मागे उरत नाही. तुमची मुलगी निर्धास्तपणे हसते ती यामुळे, असं माझं मत आहे.

उलट अनुभव घ्यायचा असेल तर १९६१-६२ मध्ये जीन डाइचनं प्रागमध्ये केलेले १३ लघुपट बघा. पैसा कमी, आवाज पोकळ घुमणारे, आणि टॉमचा संतापी मालक त्याला बडवतो तेव्हा मला खरोखर बघवत नाही. पात्रं तीच, मारही तोच. पण ते मोजमाप हललंय आणि दुखणं आत शिरलंय.

एक दृश्य मी वर्षानुवर्षं शिकवतोय आणि अजून मन भरलेलं नाही. ‘द कॅट कॉन्सर्टो’ या लघुपटात टॉम काळा कोट घालून पियानोवर लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही रचना वाजवायला बसतो. पियानोच्या आत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर जेरी झोपलेला. तो उठतो, वैतागतो आणि खोड्या सुरू करतो. झाकण बोटांवर आपटून होतं. मग तो पांढऱ्या पट्ट्या काढून तिथे उंदीर पकडायचा चाप लावून ठेवतो. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर त्यानं टॉमचं बोट लगेच अडकवलं असतं. इथे टॉमचं बोट चापाच्या अलीकडे पडतं, पलीकडे पडतं, पुन्हा अलीकडे. तो वाजवतोय, त्याला पत्ताच नाही. आपण मात्र जीव मुठीत धरून बघतोय. कितीतरी सेकंद हे चालतं आणि मग खट्! वर्गात हे मी आधी आवाज बंद करून दाखवतो, मग आवाजासह. आवाजाशिवाय मुलं स्मितहास्य करतात. आवाज आला की तोच चाप बरोबर सुरावटीत पडतो आणि वर्ग फुटतो.

या लघुपटाला १९४६ सालचं ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्याच सुमारास वॉर्नरनं आपल्या सशाला, बग्ज बनीला, तीच ऱ्हॅप्सडी वाजवायला बसवलं होतं आणि तिथेही एक उंदीर होताच! दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. टॉम-जेरीला अशी एकूण सात ऑस्कर मिळाली आणि ती सगळी निर्माता फ्रेड क्विम्बीच्या नावावर गेली. ज्यांनी फ्रेम न् फ्रेम मोजली त्या हॅना-बार्बेराच्या हाती ऑस्करची बाहुली आली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर टॉम आणि जेरीच्या वैरात आहे. त्याला विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणायला माझं मन धजत नाही. १९४० च्या पहिल्याच लघुपटात (तिथे बोक्याचं नाव जॅस्पर आहे) मोलकरीण बोक्याला बजावते, आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदराला एवढंच पुरतं. तो काचेचा पेला हातात घेऊन उभा राहतो आणि पाठलाग करणारा बोका जागच्या जागी थिजतो. धाकट्यानं थोरल्याची जिरवणं म्हणतात ते हेच, आणि कुठल्याही घरातल्या भावंडांना ते न सांगता कळतं. पुढे १९४४ च्या एका लघुपटात टॉमला वारशानं दहा लाख डॉलर मिळतात, अट एकच: कुठल्याही जिवाला, उंदरालासुद्धा, इजा करायची नाही. जेरी त्याचा पुरेपूर फायदा उठवतो. शेवटी टॉम संपत्तीवर पाणी सोडतो आणि तसं बोलूनही दाखवतो, की पैसा गेला पण मी आनंदात आहे. मग जेरीवर तुटून पडतो. ज्याच्याशी भांडायला रोज उठावंसं वाटतं, तो शत्रू कसला!

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी, कारण तुम्ही लहान मुलीबरोबर बघता. स्फोटानंतर काजळलेल्या तोंडाचं पात्र कृष्णवर्णीय माणसासारखं दाखवून त्यावर हशा घ्यायचा, असे प्रसंग या जुन्या लघुपटांत आहेत. मोलकरणीचं पात्रही त्याच साच्यातलं. त्या काळच्या अमेरिकेत हे सर्रास चालायचं, नंतर दूरचित्रवाणीवर त्यातले बरेच प्रसंग कापले गेले. त्या प्रसंगांना मला हसू येत नाही आणि मुलांपुढे ते आले तर मी थांबून बोलतो.

बाकी मुलीबरोबर निवांत बघा. ‘कॅट कॉन्सर्टो’ लावाल तेव्हा चाप लागल्यापासून टॉमच्या बोटांवरून नजर हलवू नका, आणि मुलीचा श्वास कुठे अडकतो तेही बघा.