चतुर टिपताना आधी वेळ बदलून पाहावी

आपली चतुरांची, म्हणजे ड्रॅगनफ्लाय या कीटकांची, छायाचित्रे मी लक्षपूर्वक पाहिली आणि नवी लेन्स घ्यावी का, हा आपला प्रश्नही वाचला. त्यांतील तपशील नेमका आहे. मात्र प्रत्येक चित्रात काडीवर बसलेला चतुर एकाच बाजूने आणि एकाच उंचीवरून दिसतो.

नवी लेन्स घेण्याआधी आपण वेळ बदलून पाहावी, असे मला मनापासून वाटते. पावसाळा सरताना सूर्योदयापूर्वी तळ्याकाठच्या गवतात गेल्यास रात्रभर गारठलेले चतुर पंखांवर दव घेऊन निश्चल बसलेले आढळतात. उडण्यापूर्वी त्यांच्या छातीतील स्नायू तापावे लागत असल्याने, वारा नसेल तर तिपाई लावून १/१५ सेकंदाच्या संथ शटरवरही निवांत काम करता येते. उगवता सूर्य चतुराच्या मागे येईल असे बसावे, म्हणजे पंखांतील शिरांचे जाळे उजळून निघते. कॅमेरा पंखांना समांतर धरल्यास एफ/८ वरही (लेन्सचे छिद्र मध्यम ठेवूनही) ते जाळे बरेचसे स्पष्ट येते. समोरून डोळे टिपताना मात्र एफ/४ (अधिक मोठे छिद्र) ठेवून उरलेले शरीर धूसर होऊ द्यावे. मला ते अधिक भावते.

भर उन्हात काही जाती पोटाचे टोक सूर्याकडे उभे करून अंगावरचे ऊन कमी करतात. ही मुद्रा जमिनीलगत आडवे होऊन टिपावी. उडालेला चतुर पुष्कळदा त्याच काडीवर परततो, म्हणून त्याच्यामागे न धावता काडीवर फोकस लावून थांबावे. पाणवनस्पतींच्या देठांना चिकटलेल्या, चतुरांच्या पिल्लांनी टाकलेल्या रिकाम्या कातीही अवश्य शोधाव्यात. चतुराला पकडून शीतकपाटात गारठवण्याचा मार्ग मात्र कदापि स्वीकारू नये.